भिंतीपलीकडे कोण झोपलंय?

फेब्रुवारी २०१३. सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडाला जेमतेम दोन महिने झाले होते. बंदुकांवर नवे निर्बंध कसे आणायचे, हे ठरवण्याचं काम ओबामांनी आपले उपाध्यक्ष जो बायडन यांच्यावर सोपवलं होतं. पालकांसाठीच्या एका मासिकाने फेसबुकवर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवला, त्यात बायडन यांना कुणीतरी विचारलं, की तुम्ही बंदी आणलीत तर आम्ही घरादाराचं रक्षण कसं करायचं? बायडन म्हणाले, दुनळी शॉटगन घ्या. आपल्या पत्नीलाही आपण हेच सांगून ठेवलंय, की काही वेडंवाकडं वाटलं तर बाल्कनीत जायचं आणि दोन बार काढायचे.

त्याच वर्षी जुलै महिन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर गावी एका गृहस्थाला वाटलं, की आपल्या गाड्यांशी कोणीतरी चाळा करतंय. त्याने शॉटगन घेतली आणि हवेत बार काढला. पोलिसांनी पकडलं ते त्यालाच. उपाध्यक्षांनी सांगितलं तेच मी केलं, असं तो बातमीदारांना सांगत होता.

बायडन यांच्या सल्ल्यात काडतुसाचा उल्लेख नव्हता. शॉटगनच्या बाबतीत अर्धं काम बंदूक निवडण्याचं आणि अर्धं काडतूस निवडण्याचं असतं. पिस्तुलात गोळी बदलली तरी फार तर उन्नीस-बीस फरक पडतो. शॉटगनच्या त्याच नळीतून एका बाराला साडेचारशे बारीक छर्रे सुटू शकतात, नऊ जाड छर्रे सुटू शकतात किंवा शिशाचा एकच गोळा. पहिल्याने कबुतर पडतं आणि शेवटच्याने अस्वल. घरात रात्री कोणी शिरलं तर यातलं काय भरून ठेवायचं, यावर अमेरिकेत अनेक वर्षं वाद चालू आहे. तो वाद ऐकताना आपल्याला आधी हसू येतं. मग लक्षात येतं, की हा वाद बंदुकीचा कमी आणि घराच्या बांधकामाचा जास्त आहे.

आधी काडतुसाबद्दल. मराठी वाचकाला ते अगदीच परकं नाही. पुण्याच्या खडकीत १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि तिथली ‘शक्तिमान’ छाप बारा बोअरची काडतुसं देशभरच्या परवानाधारकांच्या घरी असतात. कोकणात रानडुकरांनी भातशेतीची वाट लावली, की शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा विषय निघतो आणि मग ‘एलजी’, ‘एसजी’ ही अक्षरंही कानावर पडतात. ती छर्ऱ्यांच्या जाडीची नावं आहेत. बारा बोअरचा हिशेब जुना इंग्रजी आहे: एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे पाडले, तर त्यातल्या एका गोळ्याची जाडी हाच नळीचा व्यास, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळे पाडले तर नळी अरुंद होते. ती वीस बोअर. म्हणून आकडा वाढतो तशी बंदूक हलकी होत जाते.

काडतूस उभं चिरलं तर बुडाशी पितळी टोपी आणि तिच्या मधोमध ठिणगी देणारी कॅप दिसते. वर दारू, दारूवर प्लॅस्टिकचा कप आणि त्या कपात छर्रे. बार उडाला की कपासकट छर्रे नळीतून बाहेर पडतात, हवेच्या मारात कप मागे राहतो आणि छर्रे पुढे जात जात पांगतात. अमेरिकी दुकानात या छर्ऱ्यांचे दोन गोत्रज मिळतात. पक्ष्यांसाठीचा ‘बर्डशॉट’: आठ नंबरच्या छर्ऱ्याची जाडी सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. हरणासाठीचा ‘बकशॉट’: यातला सगळ्यांत प्रसिद्ध ‘डबल-ऑट’, ८.४ मिलिमीटर, प्रत्येक छर्रा सुमारे साडेतीन ग्रॅम, काडतुसात आठ किंवा नऊ. मधे एक नंबरचा बकशॉट, ७.६ मिलिमीटर, सोळा छर्रे. खाली चार नंबरचा, सहा मिलिमीटर, सत्तावीस. आणि सगळ्यांच्या पलीकडे एकसंध गोळा, ‘स्लग’, बहुधा एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमचा.

डबल-ऑटचं नाव झालं ते पहिल्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याने खंदकांमध्ये विंचेस्टर १८९७ ही पंप शॉटगन नेली. सप्टेंबर १९१८मध्ये जर्मनीने स्वित्झर्लंडमार्फत निषेध नोंदवला, की हे शस्त्र अकारण यातना देणारं आहे आणि ते बाळगणारा सैनिक हाती लागला तर त्याला प्राणांना मुकावं लागेल. विषारी वायू सोडणाऱ्यांनी छर्ऱ्यांबद्दल तक्रार करावी, यातली गंमत अमेरिकेच्या नजरेतून सुटली नाही. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी निषेध फेटाळून लावला. त्या खंदकांतली खरी अडचण वेगळीच होती. काडतुसांची कवचं तेव्हा कागदी असत. चिखलात भिजून ती फुगत आणि बंदुकीत अडकत. मग सैन्याने अख्खी पितळी कवचं मागवली.

खंदकाला मातीची भिंत असते. अमेरिकेच्या उपनगरातल्या घराला नसते. टेक्साससारख्या राज्यात नव्या वसाहतीतून चक्कर मारली, की अर्धवट बांधलेली घरं लाकडी सांगाड्यासारखी उभी दिसतात. उभे वासे, दोन वाशांत साधारण चाळीस सेंटिमीटर अंतर. त्यावर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा ठोकला, वर रंग दिला, की झाली खोल्यांमधली भिंत. मधे पोकळ. खिळा मारताना वासा सापडला नाही तर फोटोची चौकट खाली येते. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीवर बकशॉट आदळला तर चिऱ्याचा टवका उडेल. जिप्समच्या भिंतीतून डबल-ऑट असा जातो की एक भिंत त्याच्या खिजगणतीत नसते. दोन-तीन भिंती सहज. हौशी मंडळी माळावर खोट्या भिंती ओळीने उभ्या करून हे पुन्हा पुन्हा तपासतात आणि निकाल दर वेळी तोच लागतो.

इथून वादाला तोंड फुटतं. एक पक्ष म्हणतो, पलीकडच्या खोलीत पोरं झोपलेली असतात, तेव्हा बर्डशॉट भरा. बारीक छर्रे भिंतीत दम तोडतील. हे निम्मंच खरं आहे, कारण अगदी जवळून उडवला तर बर्डशॉटही जिप्समच्या एका भिंतीतून पार होतो. दुसरा पक्ष म्हणतो, जो छर्रा दोन पत्र्यांत अडकतो, तो जाड जाकीट घातलेल्या माणसाच्या छातीत कितीसा जाणार?

या दुसऱ्या प्रश्नाला मोजमाप मिळालं ते एका चकमकीमुळे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन बँक-दरोडेखोरांना अडवलं. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यानंतर तो कितीतरी वेळ गोळ्या झाडत राहिला. शेवट केला तो एडमुंडो मिरेलेस या एजंटाने. त्याचा डावा हात निकामी झाला होता, तरी त्याने एका हाताने पंप शॉटगन मागेपुढे करून बार काढले आणि मग रिव्हॉल्व्हरने दोघांना संपवलं. या चकमकीची चिकित्सा झाली आणि त्यातून एफबीआयने एक कसोटी ठरवली: गोळी किमान बारा इंच खोल गेली पाहिजे, अठराच्या पुढे नको. मोजायचं ते जिलेटिनच्या ठोकळ्यात. दहा टक्के जिलेटिन, चार अंश सेल्सिअसला थंड केलेलं. या प्रकारच्या ठोकळ्यामागे मार्टिन फॅक्लर या लष्करी शल्यविशारदाचं काम होतं. व्हिएतनाममध्ये जखमा शिवता शिवता ते जखमांचे अभ्यासक झाले.

बारा इंच ऐकून सामान्य माणूस चक्रावतो, कारण छाती काही बारा इंच जाड नसते. पण गोळी समोरून सरळच येईल असं थोडंच आहे? कधी वाटेत दंड येतो, कधी माणूस आडवा वळलेला असतो. बर्डशॉट या कसोटीला उतरत नाही. ठोकळ्यात तो काही इंच जाऊन थबकतो. जवळून मारला तर त्वचेची आणि स्नायूंची चाळण होते, दृश्य भयंकर दिसतं, पण आतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत तो पोचेलच असं नाही. याचं गाजलेलं उदाहरण घरातलं नाही, शिकारीतलं आहे. ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमध्ये लावे टिपताना उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या अठ्ठावीस बोअरच्या बंदुकीचा बार त्यांचेच सोबती, ७८ वर्षांचे वकील हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर बसला. एक छर्रा हृदयापाशी जाऊन त्यांना सौम्य झटकाही आला. व्हिटिंग्टन वाचले आणि पुढे सतरा वर्षं जगले. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली ती त्यांनीच, चेनींच्या कुटुंबाला मनस्ताप झाला म्हणून! अंतर बरंच होतं आणि बंदूक हलकी होती, हे धरूनही बर्डशॉटचा स्वभाव त्यातून कळतो.

बर्डशॉट अपुरा आणि डबल-ऑट भिंतीला जुमानत नाही, तेव्हा मधला मार्ग कोणता? फॅक्लर यांच्या संस्थेने एक नंबरच्या बकशॉटचा कौल दिला होता. बारा इंचांची कसोटी भरवशाने पार करणारा तो सगळ्यांत बारीक छर्रा, आणि संख्येने जास्त असल्यामुळे एकूण जखम मोठी. तर्क बिनतोड होता, पण बाजाराने तो मनावर घेतला नाही. पोलिसखाती डबल-ऑट घेत राहिली, म्हणून कारखाने डबल-ऑट सुधारत राहिले. दारू कमी करून धक्का कमी केला. वेग सेकंदाला चारशे मीटरवरून साडेतीनशेवर आला. फेडरल कंपनीने छर्ऱ्यांचा कप असा बदलला, की छर्रे उशिरा सुटून एकत्र राहतात. नऊऐवजी आठ छर्रे भरायला सुरुवात झाली, कारण नववा छर्रा पुष्कळदा घोळक्यातून फुटून भलतीकडे जातो असा अनुभव होता. घरात तो भलतीकडे गेलेला एकच छर्रा कुणाच्या तरी पाळण्यापर्यंत जाऊ शकतो. चार नंबरच्या बकशॉटचेही चाहते आहेत. तो भिंतीत थोडा लवकर दमतो आणि माणसातही. माझ्या मते या साऱ्या तुलनेतून एकच गोष्ट हाती लागते: माणसाला थांबवील पण जिप्समला घाबरेल असा छर्रा कोणी बनवू शकलेलं नाही. पदार्थविज्ञानाला घरमालकाची अडचण कळत नाही.

सिनेमाने दोन समजुती घट्ट रुजवल्या आहेत. शॉटगनला नेम धरावा लागत नाही, ही एक. छर्रे पांगतात हे खरं, पण जुन्या ढोबळ हिशेबानेही दर यार्डाला इंचभरच. शयनगृहाच्या एका कोपऱ्यातून दारापर्यंत चार-पाच मीटर अंतर असतं. तेवढ्यात छर्ऱ्यांचा घोळका पसरलेल्या पंजाएवढाही होत नाही; नव्या कपाच्या काडतुसात तर मुठीपेक्षा लहान राहतो. नेम चुकला तर सगळाच्या सगळा घोळका चुकतो आणि भिंतीकडे जातो. दुसरी समजूत पंपाच्या आवाजाची: नुसतं खटॅक केलं की चोर पळतो म्हणे. पळेलही. पण त्या आवाजाने आपण कुठे उभे आहोत हेही त्याला कळतं. आणि ज्याला खरंच बार काढावा लागला, त्याच्या कानांचं काय होतं, हे सिनेमात कोणी दाखवत नाही. बंद खोलीत तो आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो.

आपल्याकडे हा प्रश्न या थराला येतच नाही, कारण तो परवान्याच्या टेबलावर अडतो. १९५९च्या शस्त्र कायद्याने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, असं नेमकं लिहून ठेवलंय. निवडणूक लागली की कोकणातला शेतकरी बंदूक खांद्यावर टाकून पोलिस ठाण्यात जमा करायला जातो. काडतुसंही परवान्यात लिहिलेल्या मर्यादेतच मिळतात. अमेरिकेत बंदुकीसाठी दुकानात अर्ज भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते. काडतुसांसाठी बहुतेक राज्यांत वयाखेरीज काही विचारत नाहीत. इलिनॉयमध्ये राज्याचं ओळखपत्र लागतं. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये काडतुसांसाठीही तपासणी सुरू केली आणि ती लगेच कोर्टकचेरीत सापडली.

काडतुसाची निवड कोर्टातही पोचते. २००४ साली ॲरिझोनात डोंगरवाटेवर एका निवृत्त शिक्षकाने स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या. खटल्यात त्याच्या पिस्तुलाच्या आणि गोळ्यांच्या ताकदीकडे ज्युरीचं लक्ष वेधलं गेलं. त्याला शिक्षा झाली, पुढे २००९मध्ये ती रद्द झाली. तरी मुख्य प्रश्न काडतुसाचा नसतो, दारापलीकडे कोण होतं याचा असतो. दोन घटना शेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबर २००७, टेक्सासमधलं पॅसाडीना. एकसष्ट वर्षांच्या माणसाने शेजाऱ्याच्या घरात दोन चोर शिरताना पाहिले आणि ९११ला फोन लावला. पलीकडचा माणूस परोपरीने सांगत होता, बाहेर जाऊ नका. तो बारा बोअर घेऊन बाहेर गेला आणि दोघांना ठार केलं. ग्रँड ज्युरीने त्याच्यावर खटलाच भरला नाही. सहा वर्षांनी, २ नोव्हेंबर २०१३च्या पहाटे, मिशिगनमधल्या डिअरबॉर्न हाइट्समध्ये एका घराचं दार कोणीतरी जोरजोरात ठोठावलं. चौपन्न वर्षांच्या घरमालकाने आतलं दार उघडलं आणि कुलूपबंद जाळीच्या दारातून बारा बोअरचा बार काढला. बाहेर एकोणीस वर्षांची मुलगी होती. काही तासांपूर्वी तिच्या गाडीला अपघात झाला होता. घरमालकाला सतरा ते बत्तीस वर्षांची शिक्षा झाली. दोन्हीकडे बंदूक एकाच जातीची, भीती बहुधा सारखीच. बर्डशॉट की बकशॉट हा प्रश्न दोन्हीकडे कुणाच्या कामाचा नव्हता.

आकडे काय सांगतात? प्यू संस्थेच्या २०२३च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हे बंदूक बाळगण्याचं मोठं कारण असल्याचं सांगितलं. दुसरीकडे, २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये दाखवलं, की बंदूक असलेल्या घरात कुणाचा तरी खून होण्याची शक्यता सुमारे पावणेतीन पट होती. त्यांच्या पद्धतीवर बरीच टीका झाली, त्यातली काही रास्तही होती. पण राजकारण्यांचं उत्तर पद्धत सुधारा असं नव्हतं. १९९६मध्ये अर्थसंकल्पात एक ओळ घुसडण्यात आली आणि या विषयावरच्या सरकारी संशोधनाचा झरा आटला. तो पुन्हा वाहू लागला २०२०च्या अर्थसंकल्पात, अडीच कोटी डॉलरच्या तरतुदीने. मधली वीसेक वर्षं देशाने काडतुसांची कसोटी जिलेटिनमध्ये इंचाइंचाने घेतली आणि माणसांची गणती अंदाजाने केली.

आता मराठी घरात येऊ. अमेरिकेत नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद सोडले तर बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. तो संघराज्याचा गुन्हा आहे. पुष्कळ मराठी मंडळींना हे माहीत नसतं, आणि मित्राच्या घरी हातात घेऊन काढलेला फोटोही त्रासाचा ठरू शकतो. ग्रीन कार्ड मिळालं की मात्र दार उघडतं. डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहणाऱ्या माझ्या मामेभावाला ते मिळालं, आणि गल्लीत दोन घरफोड्या झाल्यावर दादा शॉटगनच्या विचाराला लागला. त्याच्याबरोबर मी दुकानात गेले. बकशॉट पाच-पाचच्या छोट्या पेट्यांत, बर्डशॉट पंचवीसच्या. पेटीवर दाराकडे रोखलेल्या बंदुकीचं चित्र. काउंटरवरचा तरुण मुलगा सौजन्याने म्हणाला, डबल-ऑट घ्या, सगळे तेच घेतात. दादाने विचारलं, भिंतीचं काय? मुलगा म्हणाला, चुकू नका म्हणजे झालं.

घरी येऊन दादाने शिस्तीत कागद काढला. इंजिनियर माणूस. प्रशिक्षक सांगतात त्याप्रमाणे घरभर चोर शोधत फिरायचं नाही. मुलांना एका खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ९११ला फोन करायचा आणि अशा कोपऱ्यात बसायचं की बार निघालाच तर समोर बाहेरची भिंत यावी, मुलांची खोली नाही. त्याने नकाशावर रेषा मारल्या. वरच्या मजल्यावरच्या तीन कोपऱ्यांपैकी दोन बाद झाले. एकाच्या समोर मुलीचा पलंग, दुसऱ्याच्या समोर शेजाऱ्यांची खिडकी. तिसऱ्या कोपऱ्यातून दार दिसत होतं, पण त्याच रेषेत खाली जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी पाहुण्यांची खोली. बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, असंही त्याने बाजूला लिहिलं. मग स्वतःच विचारलं, की दोन्ही कुलपं अंधारात उघडायला किती वेळ लागेल?

वहिनी इतका वेळ पोळ्या लाटत ऐकत होती. तिने विचारलं, “आणि आई-बाबा येतील तेव्हा?”

मामा-मामी दर उन्हाळ्यात पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतात. जिन्याखालची खोली त्यांचीच. पहिले दहा-पंधरा दिवस त्यांची झोप उलटी असते. रात्री अडीच वाजता मामी चहा टाकते आणि मामा अंधारात खुर्च्यांना अडखळत फ्रीजकडे जातात.

“मी आधी हाक मारीन ना,” दादा म्हणाला.

“बाबांना ऐकू कुठे जातं?” वहिनी म्हणाली. “मशीन काढून झोपतात ते.”